स्पोर्ट्स कारमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवताय? या चुका टाळा

‘बसेल का?’ या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी ‘हो’ असतं. कटर, वेल्डिंग आणि पैसा हाताशी असला की काहीही बसवता येतं. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने एसी एस या हलक्या ब्रिटिश गाडीत फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. पण त्यासाठी डिफरन्शियलही (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) जास्त दणकट बसवावा लागला, हे फारसं कुणी सांगत नाही. इंजिन हा कामाचा लहान भाग. खरं काम त्याच्या आजूबाजूला असतं आणि चुकाही तिथेच होतात.

वरवरची मापं घेणं

बॉनेट उघडून टेप लावली, लांबी-रुंदी जुळली, की लोक खूश होतात. अडतं ते खाली. इंजिनच्या ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, हे आधी बघा. तो पुढच्या क्रॉस मेंबरवर (गाडीच्या तळातल्या आडव्या दांड्यावर) टेकला तर इंजिन वर उचलावं लागतं आणि मग बॉनेट लागत नाही. पुढची अडचण म्हणजे स्टिअरिंगचा शाफ्ट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेमके एकाच जागेवर येणं. सनबीम अल्पाइनमध्ये व्ही८ घालून १९६४ मध्ये टायगर आली, तेव्हा कंपनीलाही स्टिअरिंगची यंत्रणा बदलावी लागली. एवढं करून एक स्पार्क प्लग असा अडकला, की तो काढायला केबिनच्या बाजूने भिंतीत भोक ठेवावं लागलं. म्हणून माउंटिंग पक्कं वेल्ड करण्याआधी हातात पाना घेऊन बघा: प्रत्येक प्लग, स्टार्टर आणि ऑइल फिल्टरपर्यंत हात जातो का?

ताकद बघून वजन विसरणं

१९९७ च्या कॉर्व्हेटमधलं ५.७ लिटरचं एलएस१ हे व्ही८ इंजिन माझदाच्या एमएक्स-५ आणि आरएक्स-७ मध्ये इतक्यांनी घातलं, ते उगाच नाही. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्येच, त्यामुळे वरचं हेड आटोपशीर. याउलट टोयोटाचं २जेझेड म्हणजे बिडाच्या ब्लॉकचं लांबलचक सहा सिलिंडरी इंजिन. ताकद भरपूर, पण लहान दोन आसनी गाडीच्या नाकात ते घातलं की गाडी सरळ सुसाट जाते आणि वळायला कुरकुरते. माझं मत विचाराल तर वळणांसाठी घेतलेल्या गाडीत हा सौदा तोट्याचा. तरीही करायचंच असेल, तर इंजिन शक्य तितकं मागे सरकवा, आधी आणि नंतर चारही चाकांवरचं वजन मोजा आणि स्प्रिंगा त्याप्रमाणे बदला.

नुसतं इंजिन विकत घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), अखंड वायरिंग, सेन्सर, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि चावी हे सगळं त्याच गाडीतून घ्या. थ्रॉटल केबलऐवजी वायरने चालत असेल, तर अॅक्सिलरेटरचं पेडलही तिथलंच लागतं. नव्या गाड्यांमध्ये मीटर, एबीएस आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग इंजिनकडून येणाऱ्या संदेशांवर अवलंबून असतात. ते आले नाहीत तर डॅशबोर्डवर दिवे लागतात, कधी स्टिअरिंगही जड होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तशी इंजिन बसवूनही वायरिंगपायी महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी गॅरेजमध्ये हमखास दिसते.

गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा असेल तर अॅडॅप्टर प्लेटचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या पट्टीचं) सेंटर काटेकोर हवं, नाहीतर बेअरिंग आणि क्लच लवकर जातात. होंडाची बी सिरीजसारखी जुनी इंजिनं उलट दिशेने फिरतात, म्हणून इतर गाड्यांच्या गिअरबॉक्सशी सहज जुळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. शिवाय लहान इंजिनसाठीचा ४.३ गुणोत्तराचा डिफरन्शियल मोठ्या व्ही८ मागे ठेवला, तर पहिला गिअर लागतो न लागतो तोच संपतो. नोंदणी, प्रदूषण आणि विम्याचे नियम मात्र इंजिन घेण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

सुरू झाल्यावरची दुखणी

सेल्फ मंद फिरतो आणि अॅक्सिलरेटरची केबल गरम लागते? इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. बॉडीला जोडणारी जाड अर्थची पट्टी राहिली की स्टार्टरचा करंट केबलमधून वाट काढतो.

ट्रॅफिकमध्ये तापते, पण वेगात ठीक राहते, तर पंखा किंवा त्याचं आवरण तपासा. वेगात तापत असेल तर रेडिएटर अपुरा आहे किंवा पाण्याचा पाइप चेपला जातोय. तापमानाचा काटा मनाला येईल तसा वरखाली होतो, हीटर गार राहतो, तर आत हवा अडकली आहे. रेडिएटर इंजिनपेक्षा खाली असेल तर हे होणारच. सगळ्यात उंच जागी हवा काढायची सोय करा.

लांब वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकला तर ताबडतोब अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जाऊन पंपाला हवा मिळतेय. आत आडपडदे लावल्याशिवाय पुन्हा जोरात चालवू नका, बेअरिंग जाईल.

आधी कार्ब्युरेटरची असलेली गाडी जोर दिला की दम तोडत असेल, तर बहुधा पंप जुनाच राहिलाय. कार्ब्युरेटरला ०.३ ते ०.५ बार दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण ३ ते ४ बार लागतो. ठरावीक वेगालाच थरथर जाणवली तर चाकांचं बॅलन्सिंग एकदा बघून घ्या आणि मग प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) दोन्ही टोकांचे कोन मोजा.