तुटपुंज्या अनुदानात सहावी ते आठवीचे वर्ग कसे सांभाळावेत : शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीवर निवडून आलेल्या पालकांना बहुधा सहीपुरते बोलावले जाते आणि पैशाचा विषय मुख्याध्यापकांचा आहे असे गृहीत धरले जाते. वस्तुतः शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्मे सदस्य महिला असतात आणि अनुदान कसे खर्च होते यावर देखरेख ठेवणे हे समितीचेच काम आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत यंदाचे अनुदान किती, ते केव्हा जमा झाले आणि मागील वर्षी कशावर खर्च झाले, हे विचारावे आणि किर्द, म्हणजे जमा-खर्चाची वही, पाहावी.

समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये आणि १०१ ते २५० असेल तर ५०,००० रुपये, असा त्याचा दर आहे. यातूनच वीजबिल, खडू, नोंदवह्या, इंटरनेट, प्रयोगसाहित्य आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची असते व किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी ठेवायची असते. समजा, शाळेचा पट ९६ आहे आणि वीजबिल महिन्याला सरासरी १,२०० रुपये येते. २५,००० मधून स्वच्छतेचे २,५०० आणि विजेचे १४,४०० वजा केले की ८,१०० रुपये उरतात, म्हणजे एका मुलामागे वर्षाला साधारण ८४ रुपये. हा हिशेब फळ्यावर मांडून पालकांना दाखवावा. शाळेत प्रयोग का होत नाहीत, याचे उत्तर त्यांना तिथेच मिळते.

याच दरांमुळे पटाची नोंद अचूक असणे फार महत्त्वाचे ठरते. ९६ ऐवजी १०१ मुले नोंदली गेली असती तर अनुदान दुप्पट झाले असते. यू-डायस प्लस या शाळांची माहिती नोंदवण्याच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीतील माहितीसाठी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख असते. त्यामुळे ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांतील मुलांची नावे त्याआधीच तपासावीत. आधारवरील नाव किंवा जन्मतारीख दाखल खारीज नोंदवहीशी जुळत नसेल, तर ते मूल रोज वर्गात बसत असूनही संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, वेळी अडचण येते. अशा मुलांची यादी ऑगस्टमध्येच मागून घ्यावी आणि पालकांबरोबर आधार केंद्रापर्यंत जावे. या कामाला वेळ लागतो, पण पैसे लागत नाहीत.

टंचाईची झळ प्राथमिक वर्गांपेक्षा सहावी ते आठवीला अधिक बसते, कारण इथे विषय वेगळे होतात आणि साहित्याची गरज वाढते. एका वर्गात मी पाहिलेले दृश्य अजून मनातून जात नाही. आम्ल आणि आम्लारी यांचा पाठ चालू होता, लिटमस कागद संपलेला होता आणि शिक्षिका निळा व लाल खडू हातात धरून रंग कसा बदलतो हे तोंडी समजावत होत्या. मुलांनी ते वहीत नीट उतरवले, पण रंग बदलताना कोणीही पाहिला नाही. अनुदान अनेकदा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत हाती पडते, तोपर्यंत निम्मा अभ्यासक्रम उलटून गेलेला असतो. म्हणून जूनमध्येच तिन्ही वर्गांच्या पाठ्यपुस्तकांतून वर्षभराच्या प्रयोगांची यादी काढावी, लागणारे साहित्य किमतीसह लिहावे आणि पैसे येताच खरेदी त्या यादीप्रमाणेच व्हावी असा ठराव करावा. तसे न केल्यास ३१ मार्चच्या घाईत जे दुकानात मिळेल ते घेतले जाते.

रिक्त पदाचा प्रश्न याहून गंभीर आहे. कायद्याच्या अनुसूचीनुसार उच्च प्राथमिक स्तरावर विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी शिक्षक हवेत व ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणिताचे पद रिकामे राहिले की त्याची किंमत मुलेच मोजतात. विज्ञान-गणितावरही प्रश्न असलेल्या, आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये मिळतात. हा आकडा लहान शाळेच्या वर्षभराच्या संयुक्त अनुदानापेक्षा मोठा आहे. पद भरण्याची मागणी करताना हे गणित अर्जात जरूर लिहावे.

वर्गखोलीचे छप्पर, शौचालय, पाण्याची टाकी ही कामे २५,००० रुपयांत बसत नाहीत आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नये. त्यासाठी जिल्हा परिषदेचा सेस (स्वतःच्या उत्पन्नातील निधी), जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा हे मार्ग आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखून, ठेवला होता. शाळेच्या शौचालयाची मागणी आराखडा तयार होत असतानाच ग्रामसभेत मांडली पाहिजे, कारण आराखडा मंजूर झाल्यावर पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. खोली धोकादायक झाली असेल तर मुलांना त्या दिवसापासून तिथे बसवू नये आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली वापरातून अधिकृतपणे काढून टाकण्याचा, प्रस्ताव लगेच पाठवावा.

गावाकडून वस्तू किंवा पैसे मिळवण्याला शाळांमध्ये शैक्षणिक उठाव म्हणतात. पुस्तके, कपाट, संगणक यांसाठी तो जरूर करावा, पावती द्यावी आणि वस्तू जडवस्तू नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) चढवावी. मात्र प्रत्येक मुलामागे वर्गणी ठरवू नये. एखाद्या मजूर आईला ती द्यायला दिवसाची मजुरी मोडावी लागते आणि न दिल्यास मुलगी शाळेत मान खाली घालून बसते. दुसरे म्हणजे, वीजबिल वर्षानुवर्षे वर्गणीतून भरले गेले की शाळेला पैसे कमी पडतात हे कागदावर कुठेच दिसत नाही. लोकांनी भरलेली रक्कमही इतिवृत्तात तूट म्हणूनच लिहावी.

कलम २२ नुसार समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा तोच आधार मानलेला आहे. म्हणून तो मागच्या वर्षाची नक्कल नसावा. डिसेंबरअखेर तो पूर्ण करावा आणि प्रत्येक गरजेपुढे मुलांची संख्या, अंदाजित रक्कम आणि आजवर केलेल्या मागणीची तारीख लिहावी. ठरावात ‘शिक्षक मिळावा’ इतकेच न लिहिता, ‘विज्ञान-गणित शिक्षकाचे पद अमुक तारखेपासून रिक्त असून सहावी ते आठवीच्या इतक्या विद्यार्थ्यांचे आठवड्याला इतके तास बुडत आहेत’ असे लिहावे. त्याची एक प्रत केंद्रप्रमुखांमार्फत आणि दुसरी थेट गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्यावी, शिक्का मारलेली पोच घ्यावी आणि ती पोच अध्यक्षांच्या घरी न ठेवता शाळेच्या फाईलमध्ये लावावी. दोन वर्षांनी समिती बदलते, तेव्हा नव्या सदस्यांना पाठपुरावा कुठून सुरू करायचा हे त्या फाईलवरूनच कळते.