आधी मीडियन, मग बायलॅटरल: वैद्यकीय प्रतिमेतला नॉइज काढताना

एक्स-रेच्या प्रतिमेत सुटे ठिपके आणि बारीक खरखर दोन्ही असतील, तर एकाच फिल्टरचा जोर वाढवत बसू नका. दोन हलके फिल्टर लावा आणि क्रम सांभाळा. आधी ३×३ चा मीडियन, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्यासह आसपासच्या नऊ पिक्सेलमधलं मधलं मूल्य ठेवणारा फिल्टर. सुटे पांढरे-काळे ठिपके तो काढून टाकतो. मग उरलेल्या खरखरीसाठी बायलॅटरल, म्हणजे कडा राखून बाकीचा भाग गुळगुळीत करणारा फिल्टर. क्रम उलटा केलात तर पंचाईत होते. बायलॅटरल शेजारच्या पिक्सेलच्या मूल्यांतला फरक बघतो. ८-बिट प्रतिमेतला २५५ मूल्याचा एकटा ठिपका त्याला कडेसारखाच वाटतो, म्हणून तो जसाच्या तसा जपला जातो. गॉशियन (सरसकट धूसर करणारा फिल्टर) आधी लावलात तर तोच ठिपका पसरून डाग होतो आणि मग मीडियनलाही आवरत नाही.

सोनोग्राफीचं गणित वेगळं. तिथला स्पेकल (दाणेदार नॉइज) सिग्नलला गुणलेला असतो, म्हणून आधी लॉग (त्याने गुणाकाराची बेरीज होते), मग फिल्टर, शेवटी घातांकाने परत. (मशीनने लॉग कॉम्प्रेशन आधीच केलं असेल तर पुन्हा लॉग नको.)

निकाल नुसत्या पीएसएनआरवर (संदर्भ प्रतिमेच्या तुलनेत नॉइज किती ते सांगणाऱ्या आकड्यावर) सोडू नका. मूळ प्रतिमेतून गाळलेली प्रतिमा वजा करा आणि उरलेलं चित्र कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. नुसती खरखर दिसली तर ठीक. हाडाची कड किंवा रक्तवाहिनीची रेघ दिसली, तर फिल्टरने खरा तपशील खाल्लाय; सिग्मा (फिल्टरचा जोर ठरवणारा आकडा) कमी करा. मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) तर जास्तच जपा. कॅल्सिफिकेशनचा (साचलेल्या कॅल्शियमचा) कण मोजक्या पिक्सेलचाच असू शकतो आणि मीडियन तो सहज पुसून टाकतो. मूळ फाइलवर गाळलेली प्रतिमा कधीही सेव्ह करू नका.