मांडवातच फोटो हातात : खान्देशात जागेवर छपाईचा व्यवसाय करू पाहणाऱ्यांसाठी

लग्नात, यात्रेत किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात फोटो काढून तिथल्या तिथे छापून देण्याचा व्यवसाय सुरू करू इच्छिणारे तरुण भेटतात, तेव्हा 'कॅमेरा कोणता घ्यावा' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. पाहुणा मांडवातून निघण्याआधी फोटो त्याच्या हातात पडला, तर तो घरी जपून नेला जातो. तो बस गाठायला निघून गेला, की तोच फोटो टेबलावर पडून राहतो आणि यजमानाला पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. "भाऊ, फोटू आत्तेच भेटी का?" या प्रश्नाला 'हो' म्हणता यावे, यासाठी बाकीची सगळी जुळवाजुळव असते.

त्यामुळे आधी प्रिंटरचा विचार करावा. शाईच्या टाकीचा इंकजेट प्रिंटर स्वस्त मिळतो आणि घरच्या लहान कार्यक्रमाला तो चालतोही. पण त्याची प्रत सावकाश निघते आणि उघड्या मैदानातल्या धुळीने त्याची शाईची छिद्रे तुंबतात. मोठ्या कार्यक्रमासाठी डाय-सब्लिमेशन पद्धतीचाच प्रिंटर घ्यावा. त्यात रिबनवरचा, म्हणजे रंग लावलेल्या पातळ फितीवरचा, रंग उष्णतेने कागदात उतरतो : कागद आत-बाहेर सरकत आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळसर रंग घेतो आणि चौथ्या फेरीत त्यावर पारदर्शक थर चढतो. या थरामुळे फोटो कोरडाच बाहेर येतो आणि हळदीच्या कार्यक्रमात ओल्या, पिवळ्या हातांनी धरला तरी पुसून साफ होतो. डीएनपी कंपनीच्या आरएक्स१ एचएस या प्रिंटरवर ४ बाय ६ इंचांची प्रत साधारण १२ ते १३ सेकंदांत निघते आणि एका रोलमध्ये अशा ७०० प्रती होतात. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) या प्रतीला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणून कॅमेऱ्यावर लहान आकाराची जेपीईजी फाइल ठेवावी. मोठी फाइल छपाईत काहीच भर घालत नाही, फक्त संगणकावर यायला वेळ खाते.

खान्देशात खरी परीक्षा ऊन, धूळ आणि वीज यांची असते. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर असे बहुतेक प्रिंटर ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. छपाईचा हेड फार तापला की प्रिंटर स्वतःहून थांबतो आणि नेमकी त्याच वेळी वरमाला आटोपून रांग लागलेली असते. म्हणून बयाणा घेतानाच यजमानाशी जागा ठरवून घ्यावी : पत्र्याखाली नको, पश्चिमेच्या उन्हात नको, कुलर जवळ असावा, पण त्याचा दमट झोत थेट यंत्रावर येऊ नये. सुटे रोल बंद गाडीत ठेवू नयेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, ऊन सौम्य असते. पण घोड्यांच्या बाजारात उडणारी माती बारीक असते आणि तिचा एक कण रिबनखाली गेला तरी प्रत्येक प्रतीवर पांढरा ठिपका उमटू लागतो. रोल बदलताना हात धुऊन कोरडे करावेत, पंखा बंद करावा, रिबनची चकचकीत बाजू बोटाला लागू देऊ नये आणि झाकण गरजेपुरतेच उघडे ठेवावे. प्रत निम्मी छापली असताना वीज गेली तर ती प्रत फुकट जाते, म्हणून जनरेटर यजमानाचा असला तरी आपला साइन वेव्ह (घरच्या विजेसारखा सुरळीत प्रवाह देणारा) इन्व्हर्टर सोबत असावा.

रिबनचा हिशेब नवोदितांना उशिरा कळतो. फोटो फिका असो वा गडद, प्रत्येक प्रतीला रिबनचा पूर्ण तुकडा खर्च होतो. बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीइतकीच महाग पडते. रोलची किंमत भागिले प्रती हा हिशेब अपुरा आहे. त्यात वाया जाणाऱ्या प्रती, फोटोचे पाकीट, प्रवास आणि मदतनिसांची मजुरी धरूनच दर सांगावा. सगळ्या गावाला आवतण असलेल्या लग्नात 'मागतील तितके फोटो' असा सौदा करायचाच असेल, तर तो तासांवर करावा, कारण प्रिंटरचा वेगच मग प्रतींना मर्यादा घालतो. पाहुण्यांकडून पैसे घेणे मला पटत नाही. लग्नात व्यवहार यजमानाशीच व्हावा. यात्रेत मात्र क्यूआर कोड समोर ठेवून आधी पैसे आणि मग छपाई हा क्रम सोडू नये.

माणसे तीन लागतात : एक कॅमेऱ्यावर, एक संगणकावर, एक वाटपावर. फोटो काढताच क्रमांकाची चिठ्ठी हातात द्यावी, म्हणजे टेबलाभोवती गर्दी होत नाही. मागचा पडदा, दिवे आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवण्याची कॅमेऱ्यातली सोय) एकदाच पक्के करावेत. मांडवात रंगीत एलईडी असताना व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर दोन फोटोंतली त्वचा एकसारखी येत नाही. नवरा-नवरीच्या नावांची चौकट आदल्या दिवशीच पीएनजी चित्र म्हणून तयार करावी, कारण काही सॉफ्टवेअरांत देवनागरी जोडाक्षरे फुटतात. नावे लग्नपत्रिकेवरून ताडून घरच्या माणसाला एकदा दाखवावीत. चौकटीचा मजकूर कडेपासून थोडा आत ठेवावा. कागदभर छापताना कडा किंचित कापली जाते.

लहान मुलांचे फोटो पालकांना विचारूनच काढावेत आणि काम संपल्यावर यजमानाला संच देऊन आपल्या संगणकातून पुसावेत. बायाबापड्या विश्वासाने उभ्या राहतात. त्यांचे फोटो आपल्या जाहिरातीसाठी परस्पर वापरणे मला गैर वाटते.

चातुर्मासात लग्ने थांबतात, पण काम थांबलेच पाहिजे असे नाही. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी नोकरीनिमित्त पुण्या-सुरतेला गेलेले भाऊबंद घरी जमतात आणि तीन पिढ्या एका ओसरीवर सापडतात; त्या दिवशी ६ बाय ८ इंचांच्या कौटुंबिक फोटोला मागणी असते. तरी पहिला हंगाम भाड्याच्या प्रिंटरवर काढावा आणि मगच मुद्रा योजनेच्या किशोर गटातून कर्जाचा विचार करावा, ज्यात ५० हजारांपुढे ५ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. हप्ता ठरवताना मात्र मे महिन्याची कमाई धरू नये, आषाढातली धरावी.