नाशिकच्या हवेत प्लाय आणि इपॉक्सीची आठ फुटी होडी

आठ फुटी होडीचा प्लाय कापायला एक रविवार पुरतो. पुढचे तीन-चार आठवडे इपॉक्सीचे, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचे, आणि तिथे नाशिकची हवा आडवी येते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा रात्री लावलेलं इपॉक्सी सकाळीही चिकटच असतं. एप्रिल-मेमध्ये तेच डब्यात धुमसतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे थरावर तेलकट साय धरते. म्हणून दिवाळीच्या आसपास किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये हात घाला.

प्लाय ८ बाय ४ फुटी, ६ मि.मी. जाडीचा, आयएस ७१० (मरीन प्लाय) शिक्क्याचा, तीन शीट. एमआर म्हणजे कमर्शियल प्लाय नको, त्याचा आतला गोंद पाणी सोसत नाही. शिक्क्यावर विसंबू नका. एक तुकडा चार तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर तो माल परत. कडेला डोळा लावून आतली भोकंही बघा. अशी जागा तळात आली तर होडी तिथेच मोडते.

इपॉक्सी आणि हार्डनर मिळून सात किलो लागतं. विणलेलं काचेचं कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, सहा चौरस मीटर, शिवाय ७५ मि.मी. रुंदीची काचेचीच टेप. दुकानदार पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (न विणलेली, काचतंतूंची चादर) पुढे करेल, स्वस्तही पडेल. पण पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, आणि त्यासाठीच्या मॅटमधला बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद, इपॉक्सीत विरघळत नाही.

पहिल्या शीटमधून ४०० मि.मी. रुंदीच्या दोन बाजू एकावर एक ठेवून एकदमच कापा. खालची कड पुढच्या टोकाला १२० आणि मागच्या टोकाला ६० मि.मी. उचललेली असू द्या. उरलेल्या पट्टीतून पुढची फळी (खाली ६००, वर ७५० मि.मी.) आणि मागची (८५० आणि १०००) निघते. मधोमध खाली १००० आणि वर १२०० मि.मी. रुंदीचा तात्पुरता साचा उभा करा. कडेपासून १० मि.मी. आत, दर १५० मि.मी.वर २ मि.मी. भोक पाडा आणि घरातल्या वायरमधली तांब्याची तार ओवून पिळा. तळ मापाने कापू नका. शिवलेलं खोकं उलटं करा, दुसरी शीट वजन ठेवून त्यावर वाकवा, खालून रेघ मारा आणि १० मि.मी. जास्त ठेवून कापा.

चिकटवण्याआधी पुढच्या-मागच्या फळीवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून लांबून बघा. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. कर्णांत ५ मि.मी. फरक चालेल, पीळ चालणार नाही, कारण पिळलेली होडी वल्हवताना सतत एका अंगाला ओढते, आणि एकदा इपॉक्सी बसलं की इलाज नाही.

आता मिश्रण. डब्यावरचं प्रमाण वजनाचं की मापाचं ते आधी वाचा, ग्रॅम दाखवणारा काटा वापरा, तळ-कडा खरवडत दोन मिनिटं ढवळा. थंडी आहे म्हणून हार्डनर वाढवू नका. हा जास्त हार्डनर मिश्रण लवकर कडक करत नाही, कायमचं रबरी ठेवतो. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटात ओता. उंच डब्यात स्वतःच्याच उष्णतेने धूर निघतो. हवा दहा अंशांनी तापली की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. हातमोजे नायट्राइलचे घाला. वारंवार कातडीला लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. ॲसिटोनने हात धुणं तर आणखी वाईट.

सांध्यांसाठी मिश्रणात चाळलेला बारीक लाकडी भुसा मिसळा, चक्क्यासारखा घट्ट होईपर्यंत. श्रीखंडासारखा सैल झाला तर उभ्या सांध्यातून ओघळतो. आधी तारांच्या मधे मधे ठिपके द्या. दुसऱ्या दिवशी तारा काढा, मग २० मि.मी. त्रिज्येच्या गोल टोकाच्या पट्टीने सलग भरा आणि ओल्यावरच टेप बसवा. बाहेरच्या कडा रंध्याने गोल करा, कारण तीक्ष्ण कडेवर कापड उचलतं आणि आत हवा राहते.

बाहेरचं कापड संध्याकाळी लावा. सकाळी लावलं तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. उतरत्या तापमानात लाकूड रेझिन आत ओढतं. पुढचे दोन थर आधीचा किंचित चिकट असतानाच द्या. तो कडक झाला असेल तर आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीने साय धुवा, मगच पॉलिश पेपर. उलटं केलं तर साय घासली जाऊन पृष्ठभागात बसते आणि रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो.

तिसऱ्या शीटमधून पुढच्या-मागच्या फळ्यांना प्लायचा दुसरा थर आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी ४० लिटरच्या बंद पेट्या. आत थर्माकोल भरा. पॉलिएस्टर त्याला विरघळवतं, इपॉक्सी नाही. काठाला सागवानी पट्टी. रंगाआधी होडीत दोन इंच पाणी भरून रात्रभर ठेवा. गळती बाहेरून दिसेल. मग टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, फिकटच. इपॉक्सी उन्हात खडूसारखं होतं आणि गडद रंगाखाली मऊ पडतं.

रिकामी होडी ३५ किलोच्या आसपास भरेल, दोन माणसांसह १२ सें.मी. बुडेल. गंगापूर धरणात उतरवायची तर आधी जलसंपदा विभागाकडे परवानगी विचारा, लाइफ जॅकेट प्रत्येकाला. नाशिकमध्ये पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं असेल, त्या दिवसांत गोदावरीत नाहीच.