एबीएस, ट्यूबलेस, सेल्फ: एकदा "नको" म्हटलेलं परत वापरून बघायचं कसं

माझी पहिली गाडी यामाहा आरएक्स 100. पुढे ड्रम ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, स्टार्ट करायला किक. त्या गाडीवर ब्रेक मारायला शिकलो म्हणून कितीतरी वर्षं माझं ठाम मत होतं की एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ज्याला ब्रेक मारता येत नाही त्याच्यासाठी असतो. मग एका जुलैच्या रात्री ठाण्यात कापूरबावडीच्या फ्लायओव्हरवर पुढची रिक्षा थांबली, मी बिनएबीएसच्या गाडीचा पुढचा डिस्क दाबला आणि नेमकं तेव्हाच चाक सांध्याच्या ओल्या लोखंडी पट्टीवर होतं. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. ब्रेक मला येतच होता हो, पण ओल्या लोखंडावर चाक एका क्षणात लॉक होतं आणि तेवढ्यात बोटं सैल करून परत दाबणं माणसाच्या हाताला जमत नाही.

तेव्हापासून मी जी जी गोष्ट नको म्हणायचो ती एकेक करून परत तपासली. तुम्हाला करायचं असेल तर आधी स्वतःला एकच विचारा, हे मी स्वतः वापरून नाकारलंय की कट्ट्यावर ऐकून? माझं बहुतेक सगळं ऐकीव निघालं. आणि एका वेळी एकच गोष्ट घ्या, नाहीतर कशाने काय फरक पडला ते कळत नाही.

सुरुवात एबीएसपासून करा. आपल्याकडे 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या गाडीत आहेच, फक्त तो चालतो तेव्हा कसं वाटतं ते अनुभवलेलं नसतं. आणि इथेच घोळ होतो. चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजत असतो, चाक लॉक होतंय असं दिसलं की एबीएस ब्रेकचं प्रेशर सोडतो-धरतो-सोडतो असं सेकंदात कितीतरी वेळा होतं, ते लिव्हरला आणि पायाला टकटक असं जाणवतं, आणि पहिल्यांदा जाणवलं की माणूस दचकून ब्रेकच सोडून देतो. मग सांगत सुटतो की एबीएसमुळे गाडी थांबलीच नाही.

म्हणून सराव करायचा. रविवारी सकाळी सहाला खारघरमध्ये एखादा रुंद, रिकामा, कोरडा रस्ता बघा, मागून कोणी येत नाही याची खात्री करा, हेल्मेट जॅकेट ग्लोव्हज सगळं घाला. गाडी सरळ ठेवून ताशी 30 ला न्या, क्लच दाबा आणि फक्त मागचा ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली टकटक लागेल, तरी पाय काढायचा नाही, गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवायचा. पाच-सहा वेळा करा. तुमचा सिंगल चॅनल असेल तर तो फक्त पुढच्या चाकाला असतो, मागचं चाक लॉक होऊन घसरणारच, तेव्हा मागच्याने ही चाचणी करूच नका. मग पुढचा, पण झटक्यात नाही, दाब वाढवत वाढवत, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा जास्त. कोरड्यावर पुढचा एबीएस लागलाच पाहिजे असं नाही, हाताला किती जोर लावता येतो ते कळलं तरी पुरे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सुट्या खडीवर एबीएसने अंतर उलट वाढू शकतं, आणि येऊरच्या वळणावर गाडी झुकलेली असताना कचकन ब्रेक मारलात तर साधा एबीएस तुम्हाला वाचवेल असं धरून चालू नका. घोडबंदरला मेट्रोचं काम चालू असेल तिथे माती, पाणी आणि लोखंडी प्लेटा सगळं एकत्र येतं, तिथे वेग आधीच कमी हवा. मीटरवरचा एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेली की विझतो, नाही विझला तर साधे ब्रेक लागतात पण एबीएस बंद आहे असं समजा आणि गॅरेज गाठा.

ट्यूबलेसला माझा विरोध होता तो या कारणाने की ट्यूबचं पंक्चर कुठेही निघतं. खरंय, पण ट्यूबमध्ये खिळा गेला की हवा भसकन जाऊ शकते, ट्यूबलेसमध्ये खिळा तिथेच अडकून हवा हळूहळू जाते. ठाणे-बेलापूर रोडवर दोन ट्रकच्या मध्ये असताना हा फरक फार मोठा आहे. शिवाय पंक्चर स्वतः काढता येतं. साबणाच्या पाण्याने भोक शोधा, पकडीने खिळा ज्या दिशेने घुसलाय त्याच दिशेने ओढा, कानस दोन-चार वेळा फिरवून भोक साफ करा, स्ट्रिप (भोक बुजवायची चिकट रबरी पट्टी) सुईत ओवून दोन्ही टोकं थोडी बाहेर राहतील एवढी आत घाला, सुई झटक्यात बाहेर, जादाची कापून टाका, हवा भरा आणि परत साबण लावून बुडबुडे बघा. घरी अंगणात एकदा जुन्या टायरवर करून बघा, रात्री रस्त्यावर पहिल्यांदा करायची वेळ येऊ देऊ नका. टायरची बाजूची भिंत फाटली असेल तर स्ट्रिप चालत नाही, टायर बदलायचा. आणि साध्या स्पोकच्या रिममध्ये ट्यूब काढून ट्यूबलेस करायचा आग्रह धरू नका, स्पोकच्या भोकांतून हवा जाते.

सेल्फचं तर काय, 1969 च्या होंडा सीबी 750 ला सेल्फ आणि पुढे डिस्क दोन्ही होते, आणि आम्ही कितीतरी नंतरही किकच खरी म्हणत बसलो होतो. फक्त सवय बदला: फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत चावी फिरवली की पंपाचा घूंऽऽ आवाज येतो, तो थांबला की मगच बटण दाबा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर गाडी ढकलून काही होत नाही, कारण पंपालाच करंट नसतो, म्हणून वाशीहून घरी येताना सेल्फ रडायला लागला की त्याच आठवड्यात बॅटरी तपासा. बंद गाडीवर 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, 12.2 च्या खाली असेल तर चार्ज करा. पेट्रोल कायम रिझर्व्हवर ठेवायची जुनी सवय पण सोडा, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

असिस्ट-स्लिपर क्लचबद्दल (ज्याचा लिव्हर कमी जोरात दबतो) एवढंच, माजिवड्याच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून रोज जात असाल तर हलका क्लच डाव्या मनगटाला लगेच कळतो.

मीटरवर कॉल आणि मेसेज दिसणं मी वापरून बघितलं आणि परत बंद केलं, त्यात मत बदललं नाही. पण 2017 पासून नव्या गाड्यांची हेडलाइट कायम चालू असते, ती बंद करायला बसवलेला स्विच मी काढून टाकला, कारण दिवसा आरशात आपण बसवाल्याला तिच्यामुळेच दिसतो. साइड स्टँड लावला की इंजिन बंद करणारा सेन्सर असेल आणि कोणी त्याची वायर कापून बायपास केली असेल तर पावसाळ्याआधी जोडून घ्या, स्टँड खाली राहिला आणि तुम्ही डावीकडे वळलात तर तो रस्त्याला टेकून गाडी उचलतो.