आरसिंकचा बॅकअप मेमरी संपून मधेच मरतोय? रॅम घ्यायच्या आधी हे बघा

लिनक्स सर्व्हरचा बॅकअप आरसिंकने (फाइल्स कॉपी आणि सिंक करणारा प्रोग्राम) घेताना "आउट ऑफ मेमरी" येत असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या, डेटा किती जीबी आहे याने फारसं काही होत नाही, फाइल्स किती आहेत यावर सगळं आहे. मोठमोठे चार व्हिडिओ तो आरामात नेतो, पण मेल सर्व्हरवरच्या लाखो बारक्या फाइल्स आल्या की बसतो. डीएफ कमांडला माइनस आय लावून चालवा, किती आयनोड (साधारण फाइलमागे एक नोंद) वापरात आहेत ते लगेच कळतं.

मग नक्की कोणी मारलं ते शोधा. एक्झिट कोड (प्रोग्राम बंद होताना देतो तो आकडा) २२ असेल तर आरसिंकलाच मेमरी मिळाली नाही. कोड १२ आणि "कनेक्शन अनएक्सपेक्टेडली क्लोज्ड" आलं की सगळे नेटवर्कला शिव्या घालतात, पण बरेचदा समोरच्या मशीनवर कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारी यंत्रणा) आरसिंकला उडवलेलं असतं, म्हणून डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) दोन्हीकडे बघायचं. त्यात "मेमरी सीग्रुप" दिसलं तर मशीनची रॅम नाही, कंटेनरला (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवायचा कप्पा) लावलेली लिमिट संपलीय.

आता व्हर्जन. ३.०.० च्या आधी आरसिंक सगळ्या फाइल्सची यादी अगोदरच मेमरीत बनवायचा, फाइलमागे साधारण १०० बाइट धरा. २००८ मधे ३.०.० आलं तेव्हापासून यादी थोडी थोडी बनते, पण त्यासाठी दोन्हीकडे ३ किंवा पुढचं हवं, आणि जुन्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेला स्टोरेज बॉक्स) नेमकं तेच नसतं. शिवाय डिलीट-बिफोर, डिलीट-आफ्टर, डिले-अपडेट्स, प्रून-एम्प्टी-डर्स यातला एकही ऑप्शन लावला की नवं व्हर्जनपण गपचूप जुन्या पद्धतीवर जातं. कोणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टमधून कॉपी केलेलं डिलीट-आफ्टर मला बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते काढून डिलीट-डिले टाका, बहुतेकांचं काम इथेच होईल.

कॅपिटल एच, म्हणजे हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावं) जपायचा ऑप्शन, गरज नसेल तर काढा, प्रत्येक लिंकवाल्या फाइलचा हिशोब मेमरीत ठेवावा लागतो. आरस्नॅपशॉटचं (हार्ड लिंक वापरून बॅकअप ठेवणारं टूल) फोल्डर हलवत असाल तर मात्र तो काढू नका, नाहीतर एकच फाइल दहा वेळा कॉपी होऊन डिस्क भरेल. तिथे डिस्क अनमाउंट करून डीडीने (डिस्क जशीच्या तशी कॉपी करणारी कमांड) अख्खं पार्टिशनच उचललेलं बरं.

एवढं करूनही अडलं तर एकेक डिरेक्टरी वेगळी चालवा, तेही नाही जमलं तर २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवा, परमिशन ६००, मग एमकेस्वॅप, स्वॅपऑन या कमांड. स्लो होईल, पण रात्रीचा बॅकअप असेल तर कोणाला घाई आहे.