उद्यम नोंदणीतला एनआयसी कोड: या चुका टाळा

टेंडर उद्या बंद होणार आणि आज संध्याकाळी फोन येतो, "साहेब, उद्यम आहे, म्हणजे ईएमडी माफच ना?" उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, ईएमडी म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम. मी आधी प्रमाणपत्र मागतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच निघतो, एनआयसी कोडात, म्हणजे तुमचा धंदा नेमका कोणता हे सांगणाऱ्या आकड्यात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कारखाना स्वतःचा आणि कोड ट्रेडिंगचा. २ जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम मिळतं, पण त्याचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणातल्या सवलती, ईएमडी माफी धरून, त्यांना नाहीत.

कुपवाड एमआयडीसीतले एक कपाटवाले. पत्रा कापण्यापासून पावडर कोटिंगपर्यंत सगळं स्वतःच्या शेडमध्ये. उद्यम एका एजंटाने "पाच मिनिटांत" काढून दिलं, वर पैसेही घेतले. नोंदणी मुळात फुकट आहे हो! यांनी जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, कपाटांचं टेंडर ईएमडी न भरता टाकलं आणि टेक्निकलमध्येच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या छाननीत, बाद झाले. प्रमाणपत्र उघडलं तर कोड ४७ ने सुरू होणारा, म्हणजे किरकोळ विक्री. फर्निचर उत्पादनाचा विभाग ३१. एजंटाने 'फर्निचर' शोधून जे पहिलं दिसलं त्यावर क्लिक केलं होतं. मग मशिनचे फोटो पाठवा, वीजबिल पाठवा, अशी धावपळ. खरेदी अधिकारी कागद बघतो, शेड बघायला येत नाही. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराची, निघाली एक मोठी कंपनी आणि आमचा दर तिच्याहून जेमतेम सहा टक्के वर. पंधरा टक्क्यांच्या आत असलेल्या लघुउद्योगाने एल-वनच्या दराला यायची तयारी दाखवली, की २५ टक्के ऑर्डर त्याच्यासाठी असते. ती गेली.

तेव्हापासून मी प्रमाणपत्राची प्रिंट काढतो, पाच आकडी कोडाला लाल गोल करतो आणि पुढचं वर्णन मालकालाच मोठ्याने वाचायला लावतो. पोरकट वाटतं, पण वाचता वाचता दोघे-तिघे मध्येच थांबलेत.

एचएसएन वेगळा, एनआयसी वेगळा. जीएसटी बिलावरचा आकडा इथे शोधत बसू नका.

'असू दे' म्हणून पंधरा कोड भरू नका. खरं काम कोणतं, हे मग तुम्हालाच सांगता येत नाही.

बांधकामाची टेंडरं, म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट, या धोरणात येतच नाहीत. तिथे कोडावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि दुरुस्ती टेंडर भरण्याआधी करा. आधार ओटीपीने ती घरबसल्या होते. उद्यमवर कोड बदलून जेमवर जुनीच पीडीएफ जोडणारे महाभागही मी पाहिलेत.